आजोबांच्या परसात बाराही महिने भाजी कशी? गुपित आहे मागच्या ऋतूत

आठवडी बाजाराचा दिवस. गावातली माणसं मोठमोठ्या पिशव्या घेऊन निघतात. एक आजोबा मात्र जाताना रिकाम्या हातानं जातात आणि येताना मीठ, गोडेतेल आणि चहा-साखर एवढंच घेऊन येतात. भाजीच्या पालांकडे ते फिरकतसुद्धा नाहीत. उलट जाताना वाटेवरच्या एखाद्या घरी चार काकड्या देऊन जातात.

असे आजोबा, आणि पुष्कळदा अशा आजी, अजूनही जवळपास प्रत्येक गावात एखाद-दुसऱ्या सापडतात. घरामागं दीड-दोन गुंठ्यांचं परस, कुडाला चढलेले वेल, मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळी, कोपऱ्यात शेवगा. लोक म्हणतात, "त्यांच्या हाताला गुण आहे." काही म्हणतात, "घरची जागा आहे, त्यांना काय जड आहे?" पण जागा तर अनेकांकडे असते आणि ती काँग्रेस गवतानं भरलेली असते. मग या परसात वेगळं काय घडतं?

नीट पाहिलं तर एक गोष्ट ध्यानात येते. इथलं आजचं काम बहुतेक वेळा आजच्यासाठी नसतंच. उन्हाळ्यात पावसाळ्याची तयारी चाललेली असते, पावसाळ्यात हिवाळ्याची, आणि हिवाळ्यात पुढच्या वर्षाच्या बियाण्याची. साखळीतली एक कडी जरी निसटली तरी पिशवी घेऊन बाजारात जावं लागतं. ही साखळी कशी चालते ते समजून घेऊ.

नक्षत्र म्हणजे तारीख, पाऊस नव्हे

आजोबांच्या तोंडी जानेवारी-फेब्रुवारी कमी आणि नक्षत्रं जास्त. त्यात गूढ काही नाही. वर्षाच्या 365 दिवसांत सूर्य 27 नक्षत्रांतून जातो, म्हणजे एका नक्षत्राच्या वाट्याला साधारण साडेतेरा दिवस येतात. रोहिणी 25 मेच्या आसपास लागते, मृग 7-8 जूनला, आर्द्रा 21-22 जूनला, हस्त 27 सप्टेंबरच्या सुमारास, चित्रा 10 ऑक्टोबरला आणि स्वाती 24 ऑक्टोबरच्या आसपास. भिंतीवर कॅलेंडर नव्हतं तेव्हा पंधरवड्याचा हिशेब ठेवायची ही सोय होती.

लोकांनी या पंधरवड्यांना नावंही पाडली. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, मघांचा सासूंचा, पूर्वांचा सुनांचा आणि हस्ताचा हत्तीचा. नाव लक्षात राहिलं की काम लक्षात राहतं.

पण नक्षत्र लागलं म्हणजे पाऊस पडलाच असं नाही. मृग कोरडा जाणं आता नवलाचं राहिलेलं नाही. अनुभवी माणूस म्हणूनच पंचांग पाहून तयारी करतो आणि माती पाहून पेरतो. खुरप्यानं उकरून बघायचं. वीतभर खोल ओल गेली असेल आणि मूठभर माती दाबल्यावर गोळा होत असेल, तरच बी टाकायचं. वरचा थर भिजला म्हणून घाई केली आणि पावसानं दहा दिवस ओढ दिली, तर बी फुगून जागेवर मरतं. विकतचं बी असेल तर पैसे जातात. घरचं असेल तर वाणच जातं, म्हणून आजोबा निम्मं बी नेहमी मागं ठेवतात.

उन्हाळा: परस रिकामं, पण हात रिकामे नाहीत

चैत्र-वैशाखात परस उजाड दिसतं. वर्षातली महत्त्वाची कामं मात्र याच दिवसांत होतात.

पहिलं काम मातीचं. वाफे खणून ढेकळं तशीच उन्हात तापू द्यायची. जमिनीत दडलेल्या अळ्या, कोष आणि तणाची मुळं वर येतात. काही उन्हानं मरतात, उरलेलं कोंबड्या आणि साळुंक्या पाहून घेतात. झाडांचा पालापाचोळा जाळायचा नाही. थोडा खड्ड्यात शेणाबरोबर कुजवायचा आणि थोडा झाडांच्या बुडाशी पसरायचा. उघडी माती उन्हात लगेच सुकते, झाकलेली ओल धरून ठेवते.

दुसरं काम आळ्यांचं. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास हात-दीड हात खोल खड्डे घेऊन त्यात कुजलेलं शेणखत आणि राख भरून ठेवतात. बऱ्याच गावांत त्याच दिवशी भोपळा, दोडका, कारलं यांचं बी घालायची रीत आहे. घरात थोडं पाणी शिंपडायची सोय असेल तर वेल पाऊस येईपर्यंत अंग धरतो आणि इतरांच्या आधी महिनाभर फळायला लागतो.

तिसरं काम पाण्याचं. टंचाईच्या दिवसांत नळ आला तरी परसाला पाणी कुठून द्यायचं? इथं दोन जुन्या युक्त्या आहेत. पहिली, मोरीचं पाणी. ते केळी, अळू, पपई, नारळाकडे सोडतात, मेथी-कोथिंबिरीकडे नाही. कारण त्यात साबण असतो आणि पालेभाजी जमिनीलगत असते. दुसरी, मडकं. बिनझिलईचं साधं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, पाण्यानं भरायचं, वर झाकण ठेवायचं. माती सुकेल तसं मडकं झिरपतं आणि ओली असेल तेव्हा झिरपणं मंदावतं. भोवती चार वेल लावले की तीन-चार दिवसांतून एकदा मडकं भरलं तरी भागतं.

चौथं काम माळवदावर किंवा अंगणात दिसतं, ते वाळवणाचं. हिवाळ्यात जास्त झालेल्या मेथीचा पाला, गवारीच्या शेंगा, कारल्याच्या काचऱ्या, कोहळ्याचे सांडगे हे सगळं उन्हात वाळवून डब्यात जातं. जुलैच्या झडीत नवीन भाजी लागलेली नसते आणि बाजारात भाव चढलेले असतात. तेव्हा हाच डबा उघडतो.

शेवग्याची फांदीही याच दिवसांत, पावसाच्या तोंडावर लावतात. मनगटाएवढी जाड, तीन-चार हात लांब फांदी तिरकी कापून खोचली की पाऊस तिला जगवतो. आणि कडुनिंबाखाली पडलेल्या निंबोळ्या जून-जुलैत गोळा करून सावलीत वाळवून ठेवतात. त्यांचं काम पुढं येणार आहे.

पावसाळा: मृगापासून उत्तरेपर्यंत

मृगाची ओल झाली की भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, पडवळ, घोसाळं, हळद, आलं यांची लावण. वांगी-मिरचीची रोपं आधीच वाफ्यात टाकलेली असतात, ती चार-पाच आठवड्यांची झाली की आर्द्रा-पुनर्वसूत पाऊस पाहून लावतात. शक्यतो ढगाळ दिवशी किंवा ऊन उतरल्यावर, म्हणजे रोप मान टाकत नाही.

आता प्रश्न येतो की पेरल्यापासून पहिली भेंडी निघेपर्यंतच्या दीड महिन्यात खायचं काय? उत्तर बांधावर असतं. टाकळा, कुरडू, घोळ, तांदुळजा, आघाड्याचा कोवळा पाला, काही भागांत शेवळं आणि भारंगी, पुढं करटोली. न पेरता येणाऱ्या या भाज्या नेमक्या याच मधल्या दिवसांत येतात. आपण ज्याला तण म्हणून फवारणी मारतो त्यातलं निम्मं आजीच्या टोपलीत भाजी म्हणून जातं. अर्थात रानभाजी ओळखीची असेल तरच खुडायची. शेवळ्यासारखी भाजी नीट रांधली नाही तर घसा खाजतो, त्यामुळं पहिल्यांदा जाणत्या माणसाबरोबर जाणं चांगलं.

सणांची सांगडही अशीच आहे. आषाढातल्या कांदेनवमीनंतर अनेक घरांत चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं बंद होतं आणि वांगं पुन्हा ताटात येतं ते मार्गशीर्षात चंपाषष्ठीला, खंडोबाच्या भरीत-रोडग्याला. कारण धर्माचं सांगितलं जातं. पण परसाकडून पाहिलं तर आषाढात वांग्याची नवी रोपं नुकती लावलेली असतात आणि चंपाषष्ठीच्या सुमारास ती भरभरून देत असतात.

पावसात किडीही येतात. मावा, तुडतुडे, पानं खाणाऱ्या अळ्या. इथं साठवलेल्या निंबोळ्या कामाला येतात. शेतीसाठी शिफारस आहे ती 5 टक्के निंबोळी अर्काची. परसापुरतं प्रमाण असं: अर्धा किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यानं गाळायची, सगळं मिळून 10 लिटर पाणी करायचं, चिकटण्यासाठी थोडा साबणाचा चुरा घालायचा आणि त्याच दिवशी उन्हं उतरल्यावर फवारायचं. अर्क जास्त दिवस ठेवला की त्याची ताकद जाते. राखही कामाची. सकाळी दंव असताना पानांवर भुरभुरली की काही किडी दूर राहतात.

ऋषिपंचमी: परसबागेचा खरा सण

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी येते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही अशी रीत आहे. म्हणजे नांगरलेल्या शेतातलं काही नको, फक्त हातानं खणून पिकवलेलं किंवा आपोआप आलेलं चालतं. मग अळू, माठ, लाल भोपळा, पडवळ, भेंडी, सुरण, काकडी, मक्याचं कणीस असं सगळं एकत्र शिजवून ऋषीची भाजी होते.

ज्याच्या घरी परस आहे त्याला या भाजीसाठी बाजारात जावं लागत नाही. आता मात्र गावातसुद्धा ऋषीच्या भाजीचे वाटे विकत मिळतात, आणि त्यातलं बहुतेक ट्रॅक्टरनं नांगरलेल्या रानातलं असतं. परस किती चालतं ते तपासायला हा एक दिवस पुरेसा आहे. त्या दिवशीच्या भाजीतल्या किती जिनसा तुमच्या घरामागं उगवल्या, मोजून बघा.

हस्त ते संक्रांत: पालेभाजीचे दिवस

हत्तीचा पाऊस गडगडून पडतो आणि शेवटची चांगली ओल देऊन जातो. त्या ओलीवर मेथी, पालक, कोथिंबीर, शेपू, मुळा, गाजर, पावटा, हरभरा. चित्रा-स्वातीत लसणाच्या पाकळ्या आणि कांदा. पालेभाजी एकदम सगळी पेरायची नाही. आठ-दहा दिवसांच्या अंतरानं एक-एक वाफा पेरायचा, म्हणजे एकाच आठवड्यात मेथीचा ढीग आणि मग महिनाभर काहीच नाही असं होत नाही.

जानेवारीत भोगी येते. पावटा, हरभऱ्याचे घाटे, गाजर, घेवडा, वांगी, तीळ आणि तिळाची बाजरीची भाकरी. परसातलं वर्षातलं सगळ्यात भरलेलं ताट हेच.

नेमकं याच वेळी, सगळं भरपूर असताना, आजोबा एक विचित्र वाटणारी गोष्ट करतात. वेलावरचा सगळ्यात चांगला भोपळा ते तोडू देत नाहीत. त्याला चिंधी बांधून ठेवतात. नातवंडांनी मागितला तरी नाही. तो बियाण्याचा असतो.

बी राखायचं कसं?

साखळीतली ही सगळ्यात महत्त्वाची कडी आहे, आणि सगळ्यात आधी तुटलेलीही हीच.

- निवड: शेवटी उरलेलं किडकं फळ बियाण्याला ठेवायचं नाही. निरोगी झाडावरचं, मधल्या बहाराचं, चांगलं फळ ठेवायचं.
- भेंडी, गवार, घेवडा, वाल: शेंग झाडावरच पूर्ण वाळू द्यायची.
- दुधी, दोडका: फळ वेलावर वाळून हलवल्यावर आत बी खुळखुळलं पाहिजे.
- वांगं: पिवळं पडेपर्यंत झाडावर ठेवायचं, मग कुस्करून पाण्यात धुवायचं. तळाला बसेल ते बी घ्यायचं, तरंगेल ते टाकायचं.
- टोमॅटो: बिया गरासकट दोन दिवस भांड्यात आंबू द्यायच्या, मग धुऊन वाळवायच्या.
- वाळवण: सकाळच्या कोवळ्या उन्हात किंवा सावलीत. दाताखाली बी कट्ट करून तुटलं पाहिजे, दबलं तर अजून ओलं आहे.
- साठवण: चाळलेल्या कोरड्या राखेत घोळून गाडग्यात किंवा काचेच्या बरणीत, तोंड घट्ट बंद. राखेमुळं दमटपणा आणि भुंगे दोन्ही लांब राहतात.

दोन गोष्टी सांभाळायच्या. दोडका आणि घोसाळं जवळ असले, किंवा तिखट मिरचीशेजारी ढोबळी मिरची असली, तर मधमाश्यांमुळं बियाण्यात मिसळ होऊ शकते. बियाण्याची झाडं शक्यतो लांब ठेवावीत. दुसरं, पाकिटातल्या संकरित बियाण्याचं बी धरून पुन्हा पेरलं तर झाडं एकसारखी येत नाहीत, फळही भलतंच निघतं. घरी बी राखायचं असेल तर गावठी किंवा सरळ वाणच हवं.

पेरणीआधीची परीक्षा सोपी आहे. 10 बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या. आठवडाभरात 8 उगवल्या तर बी चांगलं, 5 उगवल्या तर दाट पेरायचं, त्याहून कमी असतील तर दुसरीकडून बी मिळवायचं. नवरात्रात घटाभोवतीच्या मातीत धान्य पेरतात, त्यातूनही घरातलं धान्य उगवणीला कसं आहे ते दिसतंच.

घरचं बी ठेवणं, पेरणं आणि एकमेकांना देणं यात कायद्याची अडचण नाही. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, 2001 हा हक्क शेतकऱ्याला देतो. फक्त संरक्षित वाणाचं बी कंपनीसारखं ब्रँडच्या नावानं विकता येत नाही.

साधं आहे, पण सोपं नाही

हे सगळं वाचून परसबाग म्हणजे स्वर्ग असं समजू नये. मीठ, तेल, कपडा, औषध, लाइटबिल याला पैसे लागतातच. दुष्काळाच्या वर्षी परस सुकतं. माकडं किंवा रानडुकरं आली की एका रात्रीत महिन्याचं काम जातं. आणि रोज सकाळ-संध्याकाळ तासभर वाकावं लागतं, ते साठी-सत्तरीनंतर गुडघ्यांना सोपं नसतं.

पण मिळतं काय तेही मोजावं. ज्या घरात रोज 40 रुपयांची भाजी येते तिथं वर्षाला 14,600 रुपये जातात. त्यातले निम्मे वाचले तरी थोडके नाहीत. शिवाय ज्या घरात पैसे नसले की फक्त चटणी-भाकरी होते, त्या घरातल्या लेकराच्या ताटात शेवग्याचा पाला आणि माठाची भाजी येते.

गाडग्यातलं घड्याळ

आता खरी काळजीची गोष्ट. बी जिवंत असतं आणि त्याचं वय संपतं. कांद्याचं बी साधारण वर्षभरच चांगलं उगवतं. भेंडीचं दोनेक वर्षं, घेवडा-चवळीचं तीन, वांगं-टोमॅटोचं चार, भोपळा-काकडीचं नीट ठेवलं तर चार-पाच वर्षं.

म्हणजे आजोबा थकले, अंथरुणाला खिळले किंवा गेले, आणि बियाण्याचं गाडगं माळ्यावर तसंच राहिलं, तर पाच वर्षांत त्यातलं जवळपास सगळं मरतं. घराची वाटणी होते, भांड्यांची होते, गाडग्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पन्नास वर्षं एका परसात वाढलेलं, त्या मातीला आणि त्या पाण्याला सरावलेलं वाण असं गुपचूप संपतं. ते नंतर कुठल्या दुकानात मिळत नाही.

ते टिकवता येतं हे मात्र आपल्याच राज्यात दिसलं आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. गावठी वाणांचं बी त्यांनी जमवलं, घरी बियाणे बँक उभी केली आणि ते बी इतरांना वाटलं. लोक त्यांना बीजमाता म्हणून ओळखतात आणि 2020 चा पद्मश्री पुरस्कार त्यांना मिळाला. सुरुवात घरच्या परसातूनच झाली होती.

या वर्षी एवढं करा

1. घरातल्या किंवा शेजारच्या आजी-आजोबांना गाडगी-बरण्या खाली काढायला सांगा. प्रत्येकीवर वाणाचं नाव आणि बी धरल्याचं वर्ष लिहून चिठ्ठी चिकटवा.
2. ते बी कसं धरतात, कधी पेरतात, ते त्यांच्या तोंडून मोबाईलवर रेकॉर्ड करा. दहा मिनिटं पुरतात.
3. प्रत्येक वाणाच्या 10 बियांची उगवण तपासा. जे जुनं आहे ते या पावसाळ्यात आधी पेरा.
4. मूठभर बी गावातल्या आणखी दोन घरांत द्या. एका परसात वेल मेला तरी दुसऱ्यात राहील.
5. नवीन सुरुवात असेल तर पाचच गोष्टी लावा: शेवगा, कढीपत्ता, अळू, एक भोपळ्याचा वेल आणि एक वाफा पालेभाजी.

आणि वेलावरचा सगळ्यात देखणा भोपळा आजोबा तोडू देत नसतील, तर वाद घालू नका. चिंधी कुठल्या फळाला बांधली आहे, ते तेवढं विचारून ठेवा.